महिनाभर ओलं फडकं नको

थोरली आणि धाकटी या दोन जावांचं बोलणं बंद होतं, पण म्हणून घरात शांतता होती असं कोणी समजू नये. दोघी दिवसभर बोलत. फक्त एकमेकींशी नाही. दूध उतू गेलं तर पुसायला हात झिजत नाहीत, हे थोरलीला सांगायचं असलं की ती ते पातेल्याला सांगे. काही लोकांना मीठ मोजून घालायची सवय नसते, हे धाकटी नळाकडे तोंड करून म्हणे. लेकी बोले सुने लागे म्हणतात, तसं. या घरात लेकीचा मान भांड्यांना होता, एवढंच.

भांडण सुरू झालं होतं साखरेच्या डब्याचं झाकण कोणी उघडं टाकलं यावरून. मुंग्या साखर खाऊन केव्हाच गेल्या, भांडण मात्र मुक्कामाला राहिलं. दोघींच्या स्वयंपाकात कधी खंड पडला नाही. एक भाजी चिरायची, दुसरी फोडणी टाकायची, आणि मधल्या वेळात ओट्यावरच्या निर्जीव वस्तूंना दोघींकडून इतकं ऐकून घ्यावं लागे की त्या माणसं असत्या तर केव्हाच घर सोडून गेल्या असत्या.

थोरलीचा नवरा वारून बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. ती खालच्या मजल्यावर, स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत राहायची. वर तिचा दीर, धाकटी आणि त्यांची मुलगी. मुलगी शाळेतून आली की दप्तर वर न नेता तशीच ओट्यावर चढून बसायची, पाय हलवत गणितं करायची आणि दुधाच्या पातेल्याची खरवड चमच्यानं खायची. ती थोरलीला मोठी आई म्हणे. थोरली तिला ‘उतर खाली, ओटा काय बसायला केलाय?’ म्हणे आणि पातेलं तिच्यापुढे सरकवी. दिवसभरात थोरली चांगलं असं वागायची ते एवढंच, आणि तेही ओरडून.

तर त्या स्वयंपाकघरातल्या कपाटांची पार रया गेली होती. लाकडी दारांवरच्या जुन्या पॉलिशवर फोडणीच्या धुराचा चिकट थर बसला होता. शेगडीवरच्या दारांचे पापुद्रे निघत होते, आणि नळाखालचं दार फुगून बंदच होत नव्हतं. थोरली बरणीला म्हणाली की रंग लावायला हवा. धाकटी नळाला म्हणाली की बाई, आत्ता सुचलं लोकांना. दोघींचं एकमत व्हायची बहुधा ती पहिलीच वेळ, आणि त्यातूनही ठिणगी पडलीच.

दीर बाटल्यांच्या कारखान्यात मुकादम होता. दिवसभर काचेचा खणखणाट ऐकून आलेल्या माणसाला घरी फक्त गप्प जेवायचं असतं. त्यानं ताट बाजूला सारलं.

“दोघी ऐका. एकदाच सांगतो. रंग लावायचाय ना, लावा. पण या रंगावरून घरात एक जरी आवाज चढला, तर मी वर वेगळी शेगडी बसवतो. तुमचं तुम्ही, आमचं आम्ही. मग बसा आपापल्या भांड्यांशी बोलत.”

धाकटीनं मान खाली घातली, पण थोरलीनं तिचे डोळे पाहिले. डोळ्यांत आनंद होता. धाकटीला वेगळी चूल हवीच होती, लग्न होऊन आल्या दिवसापासून हवी होती. आता तिला एवढंच करायचं होतं की थोरलीचा आवाज चढवायचा. आणि थोरलीचा आवाज चढवणं म्हणजे काय, उताराला लागलेल्या गाडीला धक्का देणं.

थोरलीनं मात्र ओट्याकडे पाहिलं. वर चूल झाली की पोरगी वर जेवणार. ओट्यावर कोणी बसणार नाही. आपण मूठभर भात टाकायचा आणि भिंतीकडे बघत गिळायचा. हे तिला लख्ख दिसलं, आणि हे कोणाला सांगण्यापेक्षा तिनं जीभ कापून ठेवली असती. तिनं मनाशी ठरवलं की रंग पुरा होईपर्यंत तोंडात मिठाची गुळणी धरायची. काही झालं तरी.

रंगारी दोन नमुन्याच्या फळ्या आणि छटांचं पुस्तक घेऊन आला. माणूस कामाला वाईट नव्हता, पण भित्रा होता. समोर जो असेल त्याचं खरं.

“हा ऑइलपेंट,” तो थोरलीला म्हणाला. “वास येतो, वाळायला वेळ घेतो, पण एकदा कडक झाला की दगड. कितीही घासा.”

“बरोबर,” थोरली म्हणाली.

“आणि हा पाण्यातला,” तो धाकटीकडे वळून म्हणाला. “वास नाही, लवकर वाळतो, पिवळा पडत नाही. आजकाल सगळे हाच लावतात.”

“तेच म्हणते मी,” धाकटी म्हणाली. “पण पेंटर, काही लोकांना घरात वास असल्याशिवाय करमत नाही. त्याला आपण काय करणार?”

थोरलीच्या मानेची शीर उभी राहिली. तिनं नमुन्याच्या फळीवर नख ओढलं, इतक्या जोरात की रंगाऱ्यानं आपला हात मागे घेतला. शेवटी दिरानं वरून जिन्यातूनच निवाडा दिला: रंगाचा प्रकार वहिनी ठरवतील, छटा धाकटी ठरवेल.

प्रकार ऑइलपेंट ठरला. छटेसाठी थोरलीच्या मनात तपकिरी होता. तेलाचे हात लागले तरी दिसत नाहीत. धाकटीनं पुस्तक उघडलं आणि बरोबर दुसऱ्या टोकाला, मोतिया रंगावर बोट ठेवलं.

“डाग लपवायचे असतील त्यांनी तपकिरी लावावा, पेंटर. ज्यांना पुसता येतं त्यांनी मोतिया.”

स्वयंपाकघरात मोतिया! थोरलीच्या ओठांवर अशी वाक्यं गोळा झाली की त्यातलं एक जरी सुटलं असतं तरी वरची शेगडी त्याच संध्याकाळी पेटली असती. तिनं समोरची बरणी उचलली, पुसली, परत ठेवली. बरणीला म्हणाली, “बरं.”

धाकटीचा चेहरा पडला. तिला ‘बरं’ नको होतं.

काम सुरू झालं. रंगाऱ्यानं सगळी दारं बिजागऱ्यांवरून उतरवली, प्रत्येकाच्या पाठीवर पेन्सिलीनं आकडे घातले आणि मागच्या पडवीत विटांवर आडवी मांडली. सोड्याच्या पाण्यानं चिकटा काढला, पॉलिश पेपरनं घासलं, खड्ड्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, पुन्हा घासलं, मग प्रायमरचा हात दिला. थोरली डोळ्यांत तेल घालून बसली होती. धाकटीवर काढता न येणारा सगळा राग ती त्या बिचाऱ्यावर काढत होती. वड्याचं तेल वांग्यावर. कडेची लांबी नीट बसली नाही, ब्रशचा केस राहिला, रंग गळतोय, डोळे कुठे आहेत तुझे, घरी दारं नाहीत का तुला? पहिल्या हातानंतर रंगारी तिची चाहूल लागली की ब्रश खाली ठेवून उभा राही. दुसऱ्या हातापर्यंत तो काही विचारायचं झालं तर मागच्या अंगानं जाऊन धाकटीलाच विचारू लागला.

धाकटीही स्वस्थ बसली नव्हती. एका दुपारी कोपऱ्यातल्या कपाटाच्या ओल्या दारावर अंगठ्याचा ठसा उमटला. दाराच्या मधोमध, नीट दाबून. तो अंगठा कोणाचा हे थोरलीला कळायला पोलीस लागले नाहीत. ती ठशाकडे बघत उभी राहिली. पलीकडे धाकटी कपडे वाळत घालत होती, आणि प्रत्येक कपडा झटकून झाला की थांबून कानोसा घेत होती. थोरलीनं रंगाऱ्याला बोलावलं आणि हळू आवाजात सांगितलं, “हे दार परत घास.” तिचा हळू आवाज रंगाऱ्यानं आयुष्यात प्रथमच ऐकला. तो जास्तच घाबरला.

मग एका संध्याकाळी कामापुरत्या पडवीत आणून ठेवलेल्या शेगडीचं बटण उघडं राहिलं आणि घरभर गॅसचा वास सुटला. दीर धावत आला, खिडक्या उघडल्या, “कोणी ठेवलं हे असं?” म्हणून विचारलं. शेवटचा चहा धाकटीनं केला होता. थोरलीनं पाहिलं होतं. धाकटी गप्प. थोरलीही मूग गिळून गप्प. घरातल्या दोन बायका गप्प असल्या की दोष वयानं मोठी असेल तिच्या नावावर जातो. दीर काही बोलला नाही, फक्त थोरलीकडे जरा वेळ बघत राहिला. त्या बघण्याचा अर्थ तिला तेव्हा कळायला हवा होता.

दारं परत बसली. मुठी लागल्या. आणि खरं सांगायचं तर स्वयंपाकघर सुंदर दिसत होतं, मोतिया असूनही. थोरलीनं हे कोणाला, अगदी बरणीलाही, सांगितलं नाही.

रंगारी निघाला तेव्हा थोरली मिक्सरवर वाटण वाटत होती. तिच्यासमोर उभं राहायची त्याची छाती झाली नाही. तो मागच्या दारानं गेला, आणि जाताना धाकटीशी काहीतरी बोलला. मग धाकटी आत आली, नळाकडे तोंड करून उभी राहिली. थोरलीनं तिरप्या नजरेनं तिचे ओठ हलताना पाहिले. नवा टोमणा! आता रंग झालाय, आता कशाला ऐकायचा? तिनं मिक्सरचं बटण आणखी एक घर पुढे सरकवलं आणि वाटणाचं पीठ होईपर्यंत फिरवलं. धाकटीचे ओठ थांबले, मगच थोरलीनं मिक्सर बंद केला.

आठवडा गेला. साफसफाईचा दिवस आला. थोरलीनं चांगलं कढत पाणी काढलं, त्यात मूठभर धुण्याचा सोडा टाकला, पदर खोचला आणि काथ्या घेऊन खाली बसली. ऑइलपेंट आपण निवडलाय, आणि तो दगड आहे, कितीही घासा. आज तो असा चमकला पाहिजे की मोतिया निवडणारीनं तोंडात बोट घालावं. चष्मा वाफेनं धुरकटतो म्हणून तिनं काढून ठेवला होता. पाणी पांढरं होऊ लागलं तसं तिला बरंच वाटलं. बघा, आठवड्यात केवढी घाण बसली! ती आणखी जोर लावून घासू लागली. एक दार झालं, दुसरं झालं, नळाखालचं झालं, ओट्याखालची सगळी ओळ झाली. मग तिनं कोरड्या फडक्यानं पुसायला घेतलं, आणि दुधावरची साय निघावी तसा रंग सबंध फडक्यावर आला.

तिनं चष्मा लावला. दारांवर सुरकुत्या पडल्या होत्या, जागोजाग खालचा प्रायमर उघडा पडला होता, आणि पाण्याच्या बादलीत मोतिया रंग तरंगत होता. आपण काय केलं ते तिला कळेना. दगड म्हणाला होता ना तो?

धाकटी दारात येऊन उभी होती. ती ओरडली नाही. तिनं बादलीकडे पाहिलं, दारांकडे पाहिलं, आणि कपाळाला हात लावून भिंतीला म्हणाली, “महिनाभर ओलं फडकं लावू नका, सोडा तर मुळीच नको, आतून कडक व्हायला वेळ लागतो. पेंटर सांगून गेला होता. मी सांगितलं. इथेच उभं राहून सांगितलं. आता कोणी मिक्सरच लावून बसलं तर माझा घसा किती ताणू?”

थोरलीला ते हलणारे ओठ आठवले. म्हणजे हे होतं! एक शब्द. एक शब्द तोंडासमोर येऊन बोलली असती तर? खांद्याला हात लावला असता तर? तळपायाची आग मस्तकात गेली. ती उठून उभी राहिली, तोंड उघडलं, आणि तेवढ्यात जिन्यावर दिराची पावलं वाजली.

धाकटी वाटच बघत होती. तिच्या अंगात एक ताठपणा आला होता, आता पाऊस येणार म्हणून दोरीवरचे कपडे काढायला सज्ज झालेल्या बाईसारखा. थोरलीला तो दिसला. तिनं तोंड मिटलं.

“काय झालं?” दीर म्हणाला.

“माझ्या हातून झालं, भाऊजी,” थोरली म्हणाली. प्रत्येक शब्द दातांखालून खडा निघावा तसा निघत होता. “पेंटरनं सांगितलं होतं, ओलं फडकं नको म्हणून. मी विसरले.”

धाकटी चमकून तिच्याकडे बघत राहिली. जन्मात प्रथमच तिला नळाशी बोलायलाही काही सुचलं नाही. आणि थोरलीला, एवढ्या नुकसानीतही, आतून थोडं गारच वाटलं. घाल आता वेगळी चूल. कशावरून घालशील? कुठाय भांडण?

दीर दारांजवळ खाली बसला. त्यानं सुरकुतलेल्या रंगावरून बोट फिरवलं. मग तो अशा आवाजात बोलला की थोरलीला कोणी मारलं असतं तरी इतकं लागलं नसतं. तो प्रेमानं बोलला.

“असू द्या, वहिनी. वय होतं माणसाचं. परवा गॅसचंही तसंच झालं, मी काही बोललो नाही. किती वर्षं तुम्ही सगळ्यांचं करताय. आता होत नाही तुमच्यानं, आम्हालाच कळायला हवं होतं.” त्यानं उठून गुडघे झटकले. “वर शेगडी बसवून घेतो. भांडण म्हणून नाही हं. तुम्हाला आराम म्हणून.”

सुंठीवाचून खोकला गेला, तो धाकटीचा. इतके दिवस जपलेली, गिळलेली, दातांखाली दाबलेली सगळी वाफ थोरलीच्या डोक्यात एकदम चढली.

“आराम? मला होत नाही? मला?” तिचा आवाज शेजारच्या तीन घरांत ऐकू गेला असेल. “गॅस हिनं उघडा टाकला होता! ओल्या दारावर अंगठा हिनं दाबला! फडक्याचं मला कोणी सांगितलं नाही, ही नळाला सांगत बसली, मिक्सर चालू असताना! मी म्हातारी नाही आणि मी काही विसरत नाही! हिच्या लग्नात हिच्या आईनं मला किती वेळा पाणी विचारलं नाही, तेसुद्धा माझ्या लक्षात आहे!”

“वहिनी,” दीर म्हणाला, “आत्ता तर म्हणालात, पेंटरनं सांगितलं होतं.”

“खोटं बोलले!”

“का?”

का, याचं उत्तर तिच्याजवळ होतं. साधंच होतं. तुम्ही वर जाऊ नये म्हणून. पोरगीनं ओट्यावर बसावं म्हणून. पण ते धाकटीसमोर बोलायचं म्हणजे आपणच आपल्या हातानं तिला चौरंगावर बसवायचं. थोरलीनं बादलीतला काथ्या उचलला, पिळला, पुन्हा बादलीत टाकला.

“माझी मर्जी,” ती म्हणाली.

दिरानं कानांवरून हात फिरवला. “बघा,” तो थकून म्हणाला. “म्हणूनच म्हणतो मी. दोन चुली बऱ्या.”

म्हणजे गप्प बसली तर म्हातारी, आणि बोलली तर भांडखोर. इकडे आड आणि तिकडे विहीर. थोरली आयुष्यभर भांडत आली होती, पण एकाच दिवशी एकच गोष्ट दोन्ही बाजूंनी हरण्याची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती.

वर शेगडी बसली. धाकटीनं आपले डबे, आपली पातेली, आपला तवा मोजून वर नेला. मिक्सर तिनं खालीच ठेवला, आणि तो टोमणा आहे हे कळायला थोरलीला नळाची गरज पडली नाही. शेवटची फेरी न्यायला धाकटी खाली आली, तिच्यामागे दीर पिठाचा डबा उचलून. तेव्हा थोरली तिच्या वाटेत जाऊन उभी राहिली आणि इतक्या वर्षांत प्रथमच थेट तिच्या तोंडाकडे बघून बोलली.

“पोरीला रोज खाली जेवायला पाठवायचं.”

हा हुकूम नव्हता. विनंती होती. पण थोरलीच्या गळ्यात दुसरा आवाजच कधी घडला नव्हता, त्याला ती तरी काय करणार?

धाकटीनं तिच्याकडे पाहिलं. क्षणभर वाटलं, ही आता सरळ उत्तर देणार. मग तिनं मान नवऱ्याकडे वळवली.

“त्यांना सांगा, तिला वरच बरं पडतं. शाळा असते.”

दीर पिठाचा डबा घेऊन वर गेला, धाकटी त्याच्यामागून गेली.

दिरालाच बहुधा वाईट वाटलं असावं. दोन दिवसांनी त्यानं रंगाऱ्याला परत पाठवलं. तो बिचारा दारातूनच म्हणाला, “मोठ्या बाई, दारं सगळी नव्यानं करायची म्हणालेत साहेब. रंग तुम्ही म्हणाल तो. स्वयंपाकघर आता तुमचंच आहे म्हणाले.” आणि शिव्या खायच्या तयारीनं तो खांदे वर करून उभा राहिला.

थोरलीनं पुस्तक हातात घेतलं. तपकिरी तिथेच होता, पहिल्याच पानावर. तेलाचे हात लागले तरी दिसणार नाहीत असा, तिला हवा तस्साच. तेलाचे हात कोणाचे लागणार आता? तिनं पान उलटलं, दुसरं उलटलं, मोतियापर्यंत गेली, परत आली. एवढ्या छटा, आणि एकीलाही कोणी नाक मुरडणारं नव्हतं. ओट्यावरची बरणी तिच्यासमोर गप्प बसली होती. थोरलीला तिच्याशी बोलायचीही इच्छा होईना.

“कुठला लावू, बाई?” रंगाऱ्यानं बऱ्याच वेळानं विचारलं.

तिनं पुस्तक मिटून त्याच्या छातीवर आपटलं.

“मला काय विचारतोस? वर जा. तिला विचार, कुठला रंग तिला डोळ्यांसमोरसुद्धा नको. तो लाव. आणि सांग, मी विचारायला पाठवलंय म्हणून.”

रंगारी पुस्तक काखेत मारून नाखुशीनं जिना चढू लागला. थोरली जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली, आणि वरून काय उत्तर येतं ते ऐकायला तिनं श्वास रोखून धरला.